आतलं चाक

देवास नाक्यावर पहाटे चारला
चाकं थंड असतात, हवा मोजायची ती तेव्हाच.
धावून आलेलं चाक स्वतःबद्दल फुगवून सांगतं,
हे यासीन उस्तादांचं वाक्य.
मी हातोडी घेऊन निघते.

रामबागेत आई शेजारणींना सांगते,
आमची उल्का ट्रान्सपोर्टमध्ये हिशेब बघते.
खोटं नाही.
वही आहे, पेन आहे, शेवटी सही आहे.
पुढचं डावं, एकशे पंधरा.
पुढचं उजवं, एकशे दहा, खांद्याला झीज.
नटाखालून गंजाचा ओघळ, म्हणजे नट सैल.
पेचकसाने खाचांतले खडे उपसायचे,
बाजूवरून तळवा फिरवायचा,
गोटीएवढा फुगा डोळ्याआधी हाताला लागतो.
रबर चढवलेलं चाक मागे चालेल, पुढे नाही.
पुढचं फुटलं तर स्टेअरिंग हातात राहतं,
रस्ता राहत नाही.

मग हातोडी.
भरलेलं चाक तिला परत फेकतं, टणक,
हाकेसरशी कुणी ओ द्यावी तसं.
बसलेलं चाक हातोडी ठेवून घेतं.
बद्द.
एवढंच ऐकायला मला दोन वर्षं लागली.

मागची चाकं जोडीने असतात.
बाहेरचं सगळ्यांना दिसतं, त्यालाच लाथ मारून
ड्रायव्हर म्हणतात, सब बढ़िया.
आतलं अंधारात. वाल्वपर्यंत बोट जात नाही,
मनगट खरचटतं, बांगडी मी केव्हाच काढून ठेवली.
आतलं बसलं तरी गाडी वाकत नाही.
बाहेरचं मुकाट दोघांचं ओझं घेतं,
तापत जातं,
आणि भेरू घाटात फुटतं ते बाहेरचं.
पंचनाम्यात दोष त्याच्याच नावावर.

मंगळवारी सोयाबीन पेंडीची गाडी होती, खंडव्याची.
बारा चाकं. अकरांनी ओ दिली.
मागचा पहिला एक्सल, उजवं, आतलं :
बद्द.
पुन्हा मारली. बद्द.
मालक फोनवर म्हणाले, अकरा ठीक आहेत ना?
तोलाराम केबिनमधून खाली वाकून बघत होता,
दात घासत, काही न बोलता.
मी सही केली नाही.
मुनीमजींनी केली, चष्मा शोधायच्या आधीच.
पाच वाजून दहा मिनिटांनी गाडी गेली.

त्यानंतर मी सात गाड्या तपासल्या
आणि एकीचंही आज काही आठवत नाही.
फोन वहीवर उताणा ठेवला होता.
चहावर साय धरली.
मनात मी सारखी रस्ता मोजत होते :
आता बायपास, आता तेजाजी नगर,
आता चढ लागला असेल का,
आता उतार.

साडेसातला वाजला.
सिमरोलला उभा आहे, तोलाराम म्हणाला,
घाटाच्या अलीकडे.
पान्याने वाजवून बघितलं मी पण.
तुमच्यासारखं नाही वाजलं,
पण कळलं.
मागे पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता.
बोटभर खिळा निघाला म्हणे.
मग थोडा थांबून,
मालकांना चहाला थांबलो म्हणून सांगितलंय,
तुम्हीही तेच सांगा.
आभार वगैरे काही नाही. फोन ठेवला.

वहीत त्या ओळीत माझ्या सहीची जागा कोरी आहे.
शेजारी मुनीमजींची, तिरकी, घाईची.
खिळा शुक्रवारी आला, टेबलावर असतो,
बिलं उडू नयेत एवढंही वजन नाही त्याला.

उस्तादांना आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी बसले.
तरी पहाटे येतात,
चाकावर तळवा टेकवतात, डोळे मिटतात,
म्हणतात, तू मार.
मी मारते.
तळव्याखालून जे जाईल ते जाऊ देतात,
मग मान हलवतात किंवा नाही हलवत.
आतल्या चाकापर्यंत त्यांचा हात पुरत नाही.
तिथे ते माझ्या तोंडाकडे बघतात.