काच

सांगलीच्या निबंधक कचेरीत, जिन्याखाली,
नोटिशींचं काचेचं कपाट आहे.
किल्ली माझ्याकडं.
नवरा गेला, त्याच्या जागी मला घेतलं, शिपाई म्हणून,
अनुकंपा तत्त्वावर.
हा शब्द मी नेमणुकीच्या कागदावरच पहिल्यांदा वाचला.
त्याआधी तशी गाठ पडली नव्हती.

जात ओलांडून, धर्म ओलांडून
ज्यांना आपल्या मनानं लग्न करायचंय
त्यांची नोटीस मी या कपाटात लावते. तीस दिवस.
नाव, वय, धंदा,
घर नंबर, गल्ली, देवळामागं का मशिदीसमोर,
सगळं ठळक.
बँड लावून लग्न करणाऱ्यांचा पत्ता
असा कोण टांगत नाही.

दर सोमवारी दोन-तीन पोरं येतात.
गाडी थेट पायरीपर्यंत.
काचेवर मोबाईल धरून फोटो काढतात,
जाताना म्हणतात, मावशी, पाणी आहे का?
मी देते. पाण्याला काय.
रात्रीपर्यंत तो पत्ता कुठं कुठं पोचलेला असतो.

मार्चमध्ये काच लख्ख होती.
मीच पुसलेली, पेपरच्या बोळ्यानं.
पद्मजा चौगुले, कसबे डिग्रज, शिवणकाम.
यासिर शिकलगार, कुपवाड, एमआयडीसीत फिटर.
ती बाजूलाच उभी होती.
म्हणाली, जरा सरळ लावा हो, तिरकी दिसतीय.
मी सरळ लावली.
बाराव्या दिवशी भावांनी तिला क्लासमधनं उचलली.
कोण म्हणतं मावशीकडं ठेवलीय,
कोण म्हणतं निपाणीत उजवूनसुद्धा टाकली.
तीस दिवस भरल्यावर तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून,
तीन साक्षीदार घेऊन.
पाच वाजेपर्यंत बाकावर बसला.
जिना वाजला की उठायचा.
एक साक्षीदार मधूनच गेला, शिफ्ट होती त्याची.
मी नोटीस उतरवली. चार टाचण्या.
त्या अजून माझ्या डब्यात आहेत.

बर्गे भाऊसाहेब म्हणतात, हवा बदललीय, इंदूबाई.
त्यांच्या टेबलावर वरून तोंडी आदेश येतात,
असली नोटीस आली की अमक्याला फोन करा.
कागद नाही, सही नाही.
कागद असता तर फाईलला लावला असता, म्हणतात
आणि सुपारी कातरतात.
मार्चमध्ये त्यांनी फोन केला का नाही
मी विचारलं नाही.

संध्याकाळी चौकात सभा असते.
संस्कृती. लेकीबाळी. राखण.
माझ्या बांगड्या ज्यांनी उंबऱ्यावर फोडल्या
त्या बायकाही राखणच करत होत्या.
एक तुकडा मनगटात राहिला,
सिव्हिलला जाऊन काढला, दोन टाके.
तेव्हापासून काच मला कळते.

श्रावणात आमची भिंत ओल धरते.
महापुराची रेघ अजून आहे तिच्यावर, माझ्या खांद्याएवढी.
कपाटाला आतनं वाफ येते.
अशात एक नवी नोटीस आली. नावं सांगणार नाही.
मी ती लावली, नियमाप्रमाणं,
तारीख, शिक्का, सरळ.
काच पुसली नाही.
नोटीस लावा, असं नियमात आहे,
काच पुसा, असं कुठं नाही.

सोमवारी पोरं आली.
फोटोत त्यांचीच तोंडं आली.
एकजण बाहीनं पुसाय लागला,
ओल पलीकडच्या अंगाला होती.
मावशी, किल्ली द्या.
म्हणलं, लेखी आणा साहेबांचं.
तोंडी चालत नाही इथं.
आत अडकित्त्याचा आवाज थांबला.
मी मान वळवून बघितलं नाही.
थोड्या वेळानं परत सुरू झाला.

आज एकविसावा दिवस.
सकाळी कधी नव्हे ते कडक ऊन पडलं,
काच कडेनं मोकळी व्हायला लागली,
अर्धं आडनाव दिसाय लागलं.
मी फरशी पुसायचं फडकं पिळलं नाही,
तसंच कपाटात तळाला पसरलं
आणि कुलूप लावलं.