शिवणीतली माया

पारोळ्याच्या बाजारपेठेत माझं दुकान,
सहा फूट बाय आठ. एक मशीन, एक इस्त्री
आणि मापांच्या अकरा वह्या.
गाव मला शिंपी म्हणून ओळखतं,
मी गावाला इंचांत.

जिभाऊ बोरसे : लग्नात अठ्ठावीस,
पतपेढीत लागले तेव्हा तीस,
बुलेट घेतली, चौतीस.
परवा टेप पोटावरून फिरवताना
त्यांनी श्वास आत ओढला
आणि म्हणाले, "लिही, छत्तीस."
मी एकोणचाळीस लिहिलं.
श्वास काही दिवसभर धरता येत नाही.

पँट शिवताना मागच्या शिवणीत
मी दोन बोटं कापड आत सोडतो.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
अंग सुटलं की टाके उसवायचे, माया बाहेर काढायची.
पूर्वी एक पँट तीन दिवाळ्या निघायची,
आता संक्रांतीला शिवलेली
अखजीला परत येते.

मी डॉक्टर नाही, पण हाताला कळतं.
मळ्यात पायी जाणारे मोटरसायकलवर गेले.
कळण्याची भाकरी पाहुण्यांच्या ताटात गेली,
धाब्यावर पाटी लावून मिळते.
घरात शेवभाजी, वर बोटभर तर्री,
चार वाजता कचोरी,
जेवायला साडेदहा,
आणि हात धुतले की मोबाइल घेऊन आडवं.
मीही त्यातलाच.
माझ्या पँटची माया तीनदा काढून झाली,
आता तिच्यात काढण्यासारखं काही नाही.

ब्लाउज बायको शिवते. तिची वही वेगळी.
एकदा हुक शोधताना ती वही हाती लागली,
उभ्या उभ्या चाळली.
कोकिळा जिभाऊ बोरसे.
दंड : दहा. साडेनऊ. नऊ.
गेल्या पोळ्याला साडेआठ.
एकाच घरात
एक टेप पुढे चाललेली,
दुसरी मागे.

विचारलं तर बायको म्हणाली,
"ती सगळासना मांगतून जेवस. जे उरनं ते.
आनि सोमवार, गुरुवार, चतुर्थी."
"आणि तू?"
तिनं दोरा दातांनी तोडला.
दुसरा ओवायला घेतला.

तिचं माप अकरा वह्यांत नाही,
तिच्या स्वतःच्या वहीतही नाही.

त्या रात्री शटर साडेसातला ओढलं.
मधे टोपली, टोपलीत भाकरी,
घोटलेली तुरीची डाळ, मेथी, कांदा.
दोन ताटं एकाच वेळी वाढली
तर तिला बसवेना.
"गरम भाकरी कोण देणार?"
"गार खाऊ," मी म्हटलं.
गार भाकरी चावायला वेळ लागतो,
म्हणून पहिल्यांदाच कळलं
की मी दोन भाकरींत भरतो,
चौथी नुसती सवय होती.

मग तामसवाडीच्या रस्त्यानं, दिवे संपतात तिथवर.
ती माझ्यापुढे चालते.
मला वाटायचं मी हळू चालतो तिच्यासाठी.

दुपारी मशीनवर आता डबी असते,
शेंगदाणे, गुळाचा खडा,
मोड आलेली मटकी असली तर लिंबू पिळून.
गिऱ्हाईक आलं की ती डबी झाकते.
तेवढं अजून सुटलेलं नाही.

जिभाऊ पँट न्यायला आले.
मी विचारलं, "तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?"
त्यांना वाटलं शिलाईचं काहीतरी बोलतोय.
"किती झाले?" म्हणाले आणि पाकीट काढलं.
मीही पैसे मोजून घेतले.
दुसऱ्यांदा विचारायचं राहिलंय.
कोकिळावहिनींचं पान अजून तसंच आहे.

बाराव्या वहीचं पहिलं नाव बायकोचं.
दंड : साडेआठ. तारीख.
काल पावणेनऊ भरला.
तिनं टेप दोनदा लावायला लावली,
मग स्वतःच्या जुन्या ब्लाउजचे टाके उसवले,
किती वर्षं आत दाबलेलं कापड,
त्याचा रंग अजून नवा.

माझी पँटही तिनंच आवळली, दीड इंच.
जास्तीचं कापड कापायला मी कात्री दिली,
तिनं घेतली नाही. आत दुमडून शिवून टाकलं.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाली,
"तुमना काय भरोसा."