बोअर क्रमांक बारा

साडेत्रेसष्ट किलोचा घण,
पंचाहत्तर सेंटिमीटर वरून,
पुन्हा पुन्हा एकाच जागी.
तीस सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले
तेवढंच मी मोजायचं.
बाकीचं जमिनीनं सांगायचं.

पूर्णगडच्या खाडीपाशी, नव्या धक्क्याच्या जागेवर,
पौषात पहिलं बोअर घेतलं तेव्हा
सहा मीटरवर घण उचलावाही लागला नाही.
दांडा आपल्याच वजनानं उतरला,
पेजेत बोट जावं तसा.
तारी म्हणाला, "हिला कोणी कधी अडवलेलंच नाही."

अशी वाळू भूकंपात वाळू राहत नाही.
कण कणाचा हात सोडतो
आणि सगळं ओझं मधल्या पाण्यावर येतं.
पाण्यानं कुणाचं ओझं पेलावं?

मग दोन महिने काळा दगड भरला.
सव्वादोन मीटरवर एकेक खांब,
आठ मीटर खोल, ठोकून ठोकून,
ज्यांच्यावर कधी छप्पर येणार नाही असे खांब.
आता मधल्या वाळूला विचारायचं,
काही फरक?

सोळा. एकोणीस. सतरा. बावीस.
तारी आकड्यागणिक शेंग फोडतो.

हुरबानू सोलकर ओहोटीला तिसऱ्या काढायला येते.
टोपली ठेवून तिनं बराच वेळ पाहिलं,
मग बाराव्या खुंटीजवळ गेली, चपला काढल्या,
आणि टाच मारत राहिली,
हट्टी पोर मारतं तशी, हळू, सारखी.
वाळू चकाकली. घोटा आत.
"हितं व्हाळाचं तोंड होतं. सासू रुपण म्हणायची.
बैल नेत नसत हितनं."
ही काही मान्य चाचणी नव्हे.

बोअर बारा, सहा मीटर. नऊ.
हातभर सरकून पुन्हा घेतलं.
नऊ.

फोनवर कंत्राटदार: पंधरा लिहा, सरासरी बसते.
सरासरी बसते, खरंय.
पण धक्का सरासरीवर बसत नाही.

माझ्या जुन्या वहीत असा एक पंधरा आहे.
कुठल्या पुलाखालचा, ते सांगणार नाही.
एस.टी. त्यावरून जाते तेव्हा
मी पाय वर घेतो.

नऊ लिहिलं. शाईनं.

"मग आता?" हुरबानूनं विचारलं.
आता मधेमधे आणखी दगड. मग परत मोजायचं.
"बरं," म्हणाली. टोपली उचलली
आणि घराकडे निघाली,
जिथं आता काहीच दिसत नाही
त्या व्हाळाच्या तोंडाला
लांबचा वळसा घालून.