दुसऱ्यांचं पाणी

ये जासिब, गाडी इथं लाव, पुलाच्या सावलीत.
सीटवर पुठ्ठा टाक आधी,
नाहीतर परत बसताना कळेल.
बसऱ्यात नवा आहेस तू.
तुमच्या समावाचं ऊन कोरडं, समोरून मारतं,
इथं शार्जी आहे, खाडीवरून येणारा ओला वारा,
अंगावर घाम आणतो आणि तिथंच ठेवतो,
वाळू देत नाही.
काल रुमाल भिजवून मानेला गुंडाळलास
आणि तरी भाजत होतास ना?
तेच ते.

हे पी. आत्ताच.
तहान नाही म्हणू नकोस,
ती उशिरा येणारी पाहुणी,
दारात पोचेपर्यंत घरातलं सगळं संपलेलं असतं.
घोट घोट पी, गटागटा नको.
आंबट लागतंय?
वाळलेलं काळं लिंबू, थोडी साखर, चिमूटभर मीठ.
बहीण पहाटे भरून देते थर्मास
आणि रात्री मोरीत उलटा करून बघते,
थेंब पडला तर जेवायला वाढते, पण बोलत नाही.
गंमत आहे बघ :
समुद्र नदीत शिरला, नळाला मीठ आलं,
ते चालत नाही म्हणून आपण गोडं पाणी विकत घेतो
आणि पुडीतलं मीठ त्यात टाकतो.

मुअम्मलचं ऐकलंस का कुणाकडून?
मागचा ऑगस्ट.
इथले म्हातारे म्हणतात, या महिन्यात
दारातला खिळासुद्धा जळतो.
त्याच्याकडे ऑर्डर होती पाण्याची.
बाटल्यांचे दोन खोके, चौथा मजला,
वीज गेलेली, म्हणजे जिना.
खांद्यावर दुसऱ्यांचं गारेगार पाणी
आणि त्याच्या स्वतःच्या बाटलीत
तळाशी एक घोट, चहाइतका ऊन.
खोका फोडला तर दिवस फुकट.
फोनवर घड्याळ उलटं पळत होतं,
नऊ मिनिटं, आठ.

चौथ्या मजल्यावरच्या उम्म शाकर सांगतात,
दार उघडलं तर पोरगा हसत होता,
मला पत्ता विचारत होता
तो उभा होता तिथलाच.
कपाळ कोरडं होतं म्हणे.
पण त्यावर जाऊ नकोस, कधी कधी घाम असतोही.
बोलणं घसरलं की ओळखायचं.
बाकी सगळं विसर, एवढं ठेव :
माझं बोलणं घसरलं तर तू मला उतरव,
तुझं घसरलं तर मी.
ज्याचं त्याला कळत नाही हे.

मग बाईंनी खोका फोडला.
त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत
बाटली रिकामी झाली की दुसरी,
आणि त्याच खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा.
पाणी जिन्यावरून उतरत खाली गेलं,
तळमजल्यावरचा शिंपी ओरडत वर आला
आणि तोच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावला.
नंतर त्यांना मुअम्मलचा फोन सापडला, कोपऱ्यात, वाजत होता.
पोचलं का, विचारत होता.
त्यांनी बोट टेकवलं : पोचलं.

जगला. आता मामाच्या दुकानात चष्मे विकतो.
पंख्याखालीसुद्धा उन्हाची तिरीप आली
की खुर्ची सरकवतो.

त्या गल्लीत रांजण आहे आता.
हिब्ब म्हणतात इथं,
भाजक्या मातीचा, लाकडी घडवंचीवर,
साखळीनं बांधलेला पत्र्याचा पेला.
सगळेच वळतात तिकडं दुपारी.
फोन म्हणतो, तुम्ही रस्ता चुकलात.
म्हणू दे.

लघवी चहाच्या रंगाची झाली तर सांगायचं हं,
लाजायचं काम नाही.
आणि डोकं ठणकायला लागलं तर
आपलं पाणी जोखत बसू नकोस, बंद कर फोन,
भाडं आपण बघू, चार जणं आहोत.

वाजला ना? काय आहे?
सहा पिशव्या बर्फ, अशारच्या बाजारात.
बरं.
थर्मास दाखव आधी.