पांढरा पडदा

रीळ तुटलं त्या रात्रीचं सांगतो.
मस्कोगी, ओक्लाहोमा. आमच्या वस्तीतलं थिएटर,
शेंगांची टरफलं, ओल्या कोटांचा वास,
पियानोची पांढरी चार कायमची मुकी,
आणि लुव्हेनिया प्रुइट, पाठ ताठ,
नजर वर पडद्याला, हातांकडे कधीच नाही.

मी अकरा वर्षांचा, तिच्या पायाशी जमिनीवर.
घोडे माझे : नारळाच्या दोन करवंट्या.
पाऊस माझा : पत्र्याच्या ताटात सुके वाटाणे.
वीज, दार, थोबाडीत, आगगाडी, सगळं माझं.
भीती आणि वाट बघणं तिच्याकडे.

"घाई करतोस," ओठ न हलवता म्हणायची,
"माणूस अजून पडलेला नाही.
आधी तोल जातो. तो वाजव.
आपटायचं त्याचं तो बघून घेईल."

तर रीळ तुटलं.
नायिका पुलावर, एक पाय कठड्याबाहेर,
आणि मग नुसता उजेड.
वरच्या खोलीत मिस्टर हज्पेथ शिव्या देत डिंक शोधतायत,
खाली शिट्ट्या, बुटांचा दणदणाट.
ती थांबली नाही.
त्या पांढऱ्याफटक चौकोनाकडे बघत
तिनं बाईला जरा वेळ पुलावरच ठेवलं,
मग हळूच चालवत नेलं. कुठे, ते मला दिसेना,
पण करवंट्या खाली ठेवाव्यात एवढं कळलं.
शिट्ट्या कधी विरल्या, सांगता येणार नाही.
पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं
शेंग सोलली आणि दाणे तसेच मुठीत धरले.

रीळ जोडून आलं, तेव्हा बाई नदीत पडली.
कुणालाच आवडलं नाही.

एकोणतीस साली पडदा स्वतःच बोलायला लागला.
मालकानं हिशेब केला, बारा डॉलर,
पियानोवर ताडपत्री टाकली.
आम्ही तिकीट काढून बघायला गेलो, दोघं.
दाराचा आवाज दाराएवढाच,
पावसाचा पावसाएवढा.
ती चकार शब्द बोलली नाही.
गुडघ्यावर बोटं मात्र चालू होती,
पडद्याच्या अर्धा श्वास पुढे.

नंतर ट्विटींचा बँड. नऊ पुरुष आणि ती.
मला ड्रम मिळाले, म्हणजे करवंट्यांना बढती.
विचिटा, सलायना, ग्रँड आयलंड,
एका रात्रीत तीनशे मैल,
पुढच्या काचेवर नाकतोड्यांचा चिखल.
ज्या हॉटेलात नाच वाजवला
त्याच्याच मागच्या दारानं सँडविच मिळे, कागदात,
आणि झोप बसमध्ये, ट्रॉम्बोनच्या पेटीवर पाय टाकून.
ट्विटी म्हणे, जॅझ म्हणजे काय ते या लोकांना दाखवू.
लोकांना नाचायचं होतं.

ती अजूनही हातांकडे बघत नसे.
नेब्रास्कातल्या एका धान्याच्या कोठारात,
वर कागदी माळा, खाली गव्हाचा भुसा,
मी काठ्यांवरून विचारलं, "काय बघतेस गं?"
"निळा टाय.
त्याला तिला काहीतरी विचारायचंय. जमत नाहीये."
मला दिसला. मान लाल, तळहात पँटला पुसतोय.
आमचं गाणं शेवटच्या चार मात्रांवर आलेलं,
ट्विटीचा हात वर गेलेला, आता खाली येणार,
आणि तिनं ते डाव्या हातानं वळवलं,
परत पहिल्या ओळीशी आणून सोडलं.
ट्विटीनं डोळे वटारले. ट्रंपेट हसलं. मी मागे गेलो.
एक फेरी. मग अजून एक.

विचारलं का त्यानं?
काय माहीत. साडेबाराला बस निघाली.
ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती,
बाहेर काळोख, एकसारखा, मैलोन् मैल,
आणि मी जागा, तिच्या बोटांकडे बघत.
हलत नव्हती.

करवंट्या अजून आहेत माझ्याकडे.
एक चिरलीय.
घोडा लंगडतो.