ओटा

वर्धमाननगरच्या दुकानातून
चार तुकडे आणले, तळहाताएवढे,
आणि रात्रभर छळले.
प्रत्येकावर संत्र्याची फोड पिळली,
ओली हळद थापली,
वर कालच्या सावजी रश्श्याची तर्री.

सकाळी संगमरवराची चकाकी गेलेली,
जीभ पोळल्यासारखी.
क्वार्ट्झ कडेनं पिवळं.
निळसर टाइलच्या तर सांध्यातच तेल शिरलं.
काळ्या ग्रॅनाइटनं मात्र
काही झालंच नाही असं तोंड केलं.
मला रागच आला त्याचा.
घेतला तोच.

तेजराम मिस्त्री म्हणाला,
“सालातून एकदा सीलर मारा बाई,
लिंबू सांडलं तं लगेच पुसा,
अन् तापला कुकर डायरेक्ट नका टेकवू.
दगड बी उलते.”

मग घण उचलला.

जुना कडप्पा गॅसच्या उजवीकडे खोलगट.
एकवीस वर्षं तिथंच लसूण ठेचला मी.
खड्ड्यात पाणी साचायचं,
फडकं पिळून पिळून मी चिडायची.

“थांबा. एवढा तुकडा नीट काढा.”
“काय करता जी त्याचं?”
सांगता आलं नाही.

मे लागला तसा
त्याच्यावर कूलर ठेवलाय, मागच्या खिडकीशी.
खड्ड्यात अजून पाणी साचतं.
मी अजून चिडते.