डावीकडची शिट्टी

आधी शिट्टी गेली.
पाय धड होते, हात धड,
यॅरोच्या दरीत तो अजून माझ्यापुढे चढ चढायचा,
पण ओठ जुळेनात.
हवा नुसती निसटायची, फाटक्या भात्यातून निसटते तशी,
आणि खाली कुंपणापाशी टिब
एक कान वर करून बघत राहायची,
धनी आज असं काय बोलतोय.

आम्ही दातांना दोष दिला.
नवी कवळी केली, तिच्यापायी तीन हेलपाटे.
मग एडिंबरात, आमच्या थोरलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी
त्याची जीभ टॉर्चच्या उजेडात पाहिली.
जीभ स्वस्थ पडलेली,
आणि तिच्या आत काहीतरी सळसळत होतं
पोत्यात उंदीर शिरावेत तसं.
बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, पाणी पुढे केलं.
वॅटी म्हणाला, गवत कापायला आलंय.

आवाज साठवून ठेवा, असेल तोवर, असं ठरलं.
वाचायला साडेतीनशे वाक्यं.
‘बाजारात आज संत्री ताजी होती.’
‘माझ्या भाचीला व्हायोलिन आवडतं.’
त्याला भाची नाही.
अकराव्या वाक्यावर त्याने कागद पालथा घातला
आणि जड जिभेने म्हणाला,
मला माणसांशी बोलायचं नाहीये एवढं.

म्हणून मी पत्र्याची शिट्टी तोंडात धरली, चौसष्टाव्या वर्षी.
डावीकडे जा, उजवीकडे जा, थांब, परत ये.
आठवडाभर गोठ्यामागे फुंकत होते.
टिब माझ्याकडे बघायची
उसनं मीठ मागायला आलेल्या बाईकडे बघावं तसं.

शेवटी पुतण्याच्या फोनमध्ये सापडल्या चारही,
कुठल्याशा जुन्या शर्यतीतल्या.
मागे वारा, भोंग्यावरचा निवेदक,
आणि डावीकडच्या शिट्टीला चिकटलेलं
कुणाचं तरी पोर, आइस्क्रीमसाठी रडणारं.
ते काही वेगळं काढता आलं नाही.

आता घरात मापं आली.
चहात पावडर दोन चमचे, ओघळेल इतपतच दाट.
सातला पोटातल्या नळीतून दूध, मग नळी धुवायची.
मानेला पट्टा. रात्री नाकावर मास्क.
खोकलासुद्धा प्लगला लावावा लागतो.
अंधारात ते यंत्र त्याच्यासाठी श्वास ओढतं,
मी माझा त्याच्याशी जुळवून बघते
आणि मग मला झोप येत नाही.

भांडतो अजून. अक्षरांच्या तक्त्यावर भांडण फार हळू चालतं.
तो डोळ्यांनी ‘मू’पर्यंत येतो,
मी विचारते, मूर्ख?
तो पापण्या मिटतो. बरोबर.

कळप शेजारच्या इलियटने घेतला,
चरतो मात्र आमच्याच उतारावर, खिडकीसमोर.
पैसे मोजताना मी आत होते.
वॅटी बाहेर होता, खुर्चीत, मेंढ्या मोजत.

गुरुवारी मिस फेअरग्रीव्ह येतात खुर्चीची मापं घ्यायला.
भल्या आहेत.
फक्त त्याच्याशी बोलताना आवाज चढवतात
आणि उत्तराची वाट माझ्याकडे बघून पाहतात.
‘आज कसं वाटतंय त्यांना?’
वॅटीने पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर नजर रोखली.
खिडकीतल्या भोंग्यातून शिट्टी गेली,
पाठोपाठ ते पोर.
मी म्हटलं, चुकून लागलं असेल.
पुन्हा शिट्टी. पुन्हा पोर.

बाई निघाल्या तेव्हा त्यांच्या लाल गाडीभोवती
इलियटच्या चाळीस मेंढ्या, दाराला दार लागू नये इतक्या दाटीने,
आणि पलीकडे टिब, पोट चिखलाला टेकवून,
नऊ वर्षांची म्हातारी, कालवडीसारखी थरथरत.

वॅटी हसायला लागला.
हा आजार कधी कधी उगीच हसवतो,
उगीच रडवतो, थांबवता येत नाही,
पत्रकात तसं छापलंय.
हे त्याचं की त्याचं, मी विचारलं नाही.
लाळ पुसली, पट्टा सरळ केला,
आणि माझंही सुटलं.

‘परत ये’चा चौकोन डावीकडच्या अगदी खाली आहे.
बोटभर अंतर.
त्याने तिकडे डोळे नेले नाहीत, बराच वेळ.
मिस फेअरग्रीव्हनी हॉर्न वाजवून पाहिला.
टिबने कानसुद्धा हलवला नाही.